मागच्या गल्लीत घर बांधायचंय? आधी बाजूचा बोळ मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात परत लिहिते. टोरोंटोत जुनं सेमी डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजारच्या घराला चिकटलेलं घर घेतलंय, प्लॉट 20 फूट रुंद आणि 120 फूट खोल, मागे गल्ली आहे आणि गल्लीला लागून पडायला आलेलं गॅरेज. ते पाडून तिथे दोन मजली छोटं घर, म्हणजे लेनवे सुइट बांधायचा, आईबाबा पुण्याहून आले की ते राहतील आणि पुढे कधीतरी भाड्याने देता येईल. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय की आता सगळ्यांनाच परवानगी आहे, ड्रॉइंग काढायला टाका, तीन आठवड्यात परमिट हातात. तर हे खरं का, आणि ड्रॉइंगचे पैसे आत्ता भरायचे का.

मी इथे गेली बरीच वर्षं घरांची ड्रॉइंग आणि परमिटची कामं करते आणि लेनवे सुइटचा नियम आल्यापासून निम्मं काम त्याचंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कॉन्ट्रॅक्टर खोटं बोलत नाहीये. पण तो ज्याचं उत्तर देतोय तो तुमचा प्रश्नच नाही. "परवानगी आहे का" हा प्रश्न शहराने कधीच सोडवून टाकलाय, तुमचा खरा प्रश्न तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेल्या दोन वाक्यांत आहे. एक, "बाजूने मागे जायला अरुंद बोळ आहे, सायकल जाते". दोन, "शेजाऱ्यांचा मोठा मेपल गॅरेजवर आलाय", म्हणजे मेपलचं झाड. माझ्याकडे येऊन थांबलेली जी कामं आहेत ना, ती झोनिंगने, म्हणजे कुठे काय आणि किती बांधता येतं या शहराच्या नियमांनी, फार कमी थांबली, बहुतेक सगळी बोळात नाहीतर झाडापाशी अडकली.

तरी झोनिंगचं आधी सांगते कारण नेटवर जे सापडतं ते अर्धं जुनं असतं आणि माणूस गोंधळतो. टोरोंटोने लेनवे सुइटला पहिल्यांदा परवानगी दिली 2018 साली, तीही फक्त जुन्या मध्य भागात म्हणजे टोरोंटो आणि ईस्ट यॉर्क डिस्ट्रिक्टमधे, मग 2019 मधे सगळ्या शहरात. ज्यांच्या मागे गल्ली नाही त्यांच्यासाठी 2022 मधे गार्डन सुइटचा नियम आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑन्टारियो प्रांताने कायदा केला की शहरी भागातल्या साध्या रहिवासी प्लॉटवर तीन घरं हक्काने होऊ शकतात, मग त्यातलं एक मागच्या स्वतंत्र इमारतीत असलं तरी चालेल. आणि 2024 च्या नोव्हेंबरात प्रांताने अजून काही अटी सैल केल्या. मुख्य घर आणि मागचं घर यांच्यात शहराचं आधी 5 मीटर अंतर लागायचं आणि उंच सुइट असेल तर 7.5 मीटर, ते आता 4 मीटरवर आलंय. 45 अंशाची तिरकी रेषा धरून वरचा मजला कापत जावा लागायचा ती अटही गेली. प्लॉटवरचं एकूण बांधकाम 45 टक्क्यांपर्यंत तरी शहराला अडवता येत नाही, तुमच्या झोनचा स्वतःचा आकडा याहून सैलही असू शकतो. म्हणून तुम्ही 2019 चा एखादा व्हिडिओ बघून "आमच्याकडे 7.5 मीटर सुटत नाही, जाऊ दे" असं ठरवलं असेल तर तो विचार परत करा, आणि उलट कुणी "आता काहीच नियम नाहीत" म्हणत असेल तर तेही मनातून काढून टाका.

हक्काने बांधता येतं याचा अर्थ इतकाच की नियमात बसलात तर शेजाऱ्यांची सुनावणी नाही, कमिटी नाही, नगरसेवकाला भेटणं नाही, सरळ बिल्डिंग परमिटचा अर्ज. आणि घरांसाठी पूर्ण अर्ज आला की शहराने 10 कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असं बिल्डिंग कोडमधेच आहे. कॉन्ट्रॅक्टरचे तीन आठवडे तिथून आलेत. पण सगळी गोम "पूर्ण अर्ज" या दोन शब्दांत आहे. झाडाचा कागद नाही, आग लागली तर अग्निशमनवाले कुठून येतील त्याचा नकाशा नाही, हद्दींचा सर्व्हे जुना आहे, की अर्ज पूर्ण धरतच नाहीत आणि ते 10 दिवस सुरूच होत नाहीत. मी महिनोन्महिने न सुरू झालेले 10 दिवस पाहिलेत.

आता तुमचा बोळ.

लेनवे सुइटचं तोंड गल्लीकडे असलं तरी अग्निशमनवाले गल्लीतून येतील असं शहर गृहीत धरत नाही. टोरोंटोच्या गल्ल्या अरुंद, वळणाच्या, विजेच्या तारांनी भरलेल्या, त्यात मोठा बंब घुसवणं आणि परत काढणं अवघड आहे. म्हणून हिशोब असा करतात की बंब पुढच्या रस्त्यावर उभा राहणार आणि माणसं पाइप घेऊन पायी तुमच्या सुइटच्या दारापर्यंत जाणार. त्या पायवाटेची लांबी 45 मीटरच्या आत हवी, रुंदी साधारण 1 मीटर मोकळी हवी, गॅसच्या मीटरसारख्या आधीपासून असलेल्या गोष्टीपाशी 0.9 मीटरपर्यंत चालवून घेतात, आणि डोक्यावर 2.1 मीटर मोकळं हवं. बंब उभा राहील तिथून पाण्याचा हायड्रंटही जवळ लागतो, तोही 45 मीटरच्या हिशोबात बघतात.

तुमची लांबी मी कागदावर अंदाजाने मोजली, ती ठीक आहे. प्लॉट 36.6 मीटर खोल, गल्लीपासून सुइट 1.5 मीटर आत घ्यावा लागतो, सुइट जास्तीत जास्त 10 मीटर लांब, म्हणजे पुढच्या हद्दीपासून सुइटच्या भिंतीपर्यंत 25 मीटर, फूटपाथ आणि कडेची हिरवळ धरली तरी 45 च्या बरंच आत. अडचण रुंदीची आहे. 20 फुटी सेमी घरांना बाजूला जो बोळ असतो तो बऱ्याचदा अडीच ते साडेतीन फुटांचा असतो आणि 1 मीटर म्हणजे 3 फूट 3 इंच. सायकल जाते म्हणजे काही कळत नाही, सायकल दोन फुटातूनही जाते.

मी साइटवर जाताना 1 मीटर लांबीची एक लाकडी पट्टी बरोबर नेते. ती दोन्ही हातांत आडवी धरून फूटपाथपासून परसापर्यंत चालत जायचं, कुठे अडकली की तिथे खडूने खूण करायची. टेप घेऊन मोजणारे लोक बोळाच्या तोंडाशी मोजतात, तिथे 1.04 मीटर भरतं आणि खूश होतात. पट्टी मात्र अडकते ती मधेच, जिथे विटांची चिमणी चार इंच बाहेर आलेली असते, गॅसचा मीटर असतो, बेसमेंटच्या खिडकीचा खड्डा असतो, किंवा एसीचं युनिट कुणीतरी बोळात बसवलेलं असतं. आणि खाली बघत चालताना वरचं राहून जातं, शेजारच्यांच्या स्वयंपाकघराची बाहेर काढलेली खिडकी, पन्हळ, वरच्या डेकचा जिना. एका घरात सगळा बोळ व्यवस्थित होता, फक्त शेवटी मागच्या दाराच्या काँक्रीटच्या तीन पायऱ्या बोळात आलेल्या, पट्टीच्या टोकाला 70 सेंटिमीटर उरत होतं. त्या पायऱ्या तोडून दाराची दिशा बदलली आणि काम झालं. पण हे ड्रॉइंग काढायच्या आधी कळलं म्हणून स्वस्तात झालं. दुसऱ्या एका ठिकाणी लोक माझ्याकडे आले ते पूर्ण ड्रॉइंग घेऊनच, स्ट्रक्चरल इंजिनियरची सही वगैरे झालेली, आणि बोळ होता 81 सेंटिमीटर, दोन्हीकडे विटांची भिंत, एक त्यांची एक शेजाऱ्यांची. तिथे काय तोडणार? त्यांचे ते पैसे गेले, आणि त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो.

बोळ कमी भरला तर लगेच सगळं संपलं असं मात्र नाही, इथे परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमचं घर कोपऱ्याच्या जवळ असेल आणि आडव्या रस्त्यावरून गल्लीतून चालत सुइटचं दार 45 मीटरच्या आत येत असेल तर तो रस्ता धरता येतो, मग बाजूच्या बोळाची गरजच नाही. म्हणून तुमच्या घरापासून गल्लीचं तोंड किती घरं सोडून आहे हे मला सांगा, 20 फुटी प्लॉट असतील तर सहा-सात घरांपर्यंत आशा आहे. दुसरं म्हणजे बोळ अर्धा तुमचा अर्धा शेजाऱ्यांचा असेल, जुन्या घरांत हे सर्रास असतं, तर शेजाऱ्यांबरोबर करार करता येतो, पण तो वकिलाकडून दोन्ही मालमत्तांवर नोंदवलेला हवा. "आमचं चांगलं आहे, ते नाही म्हणणार नाहीत" हे शहराला चालत नाही आणि चालू पण नये, कारण उद्या ते घर विकतील आणि नवीन माणूस तिथे फाटक लावेल. तुमच्या खरेदीखतात बोळाबद्दल काय लिहिलंय ते आधी काढून बघा, बऱ्याच जणांनी ते कधी वाचलेलंच नसतं. तिसरं, सुइटमधे स्प्रिंकलर आणि इतर काही गोष्टी वाढवून लांब अंतराला मान्यता मिळते, पण ती लांबीसाठी, रुंदीचा प्रश्न त्याने सुटेल असं धरू नका.

हा नियम लोकांना फार टोचतो, मला बरेच जण म्हणतात की गल्लीत घर आणि गल्लीतून बंब नाही हा काय प्रकार. मला विचाराल तर हा सगळ्या नियमांमधला सगळ्यात योग्य नियम आहे. तिथे तुमचे आईबाबा झोपणार आहेत.

आता मेपल. टोरोंटोत खासगी जागेतलं झाडसुद्धा, खोडाचा व्यास 30 सेंटिमीटर किंवा जास्त असेल, जमिनीपासून 1.4 मीटर उंचीवर मोजून, तर परवानगीशिवाय तोडता येत नाही आणि त्याला इजाही करता येत नाही. व्यास कसा मोजणार तर शिंप्याची टेप खोडाभोवती गुंडाळा, घेर 94 सेंटिमीटर भरला की व्यास 30 झाला. आणि "इजा" मधे मुळं येतात, हे लोकांना माहीत नसतं. खोडाच्या जाडीप्रमाणे त्याच्याभोवती एक संरक्षित गोल धरतात, 30 ते 40 सेंटिमीटरच्या झाडाला 2.4 मीटर, 51 ते 60 ला 3.6 मीटर, 71 ते 80 ला 4.8 मीटर. त्या गोलात खोदायचं नाही, विटा-वाळू टाकायची नाही, मशीन चालवायचं नाही. झाड कुणाच्या जागेत आहे याचा त्या गोलाशी संबंध नाही. म्हणजे शेजाऱ्यांचा मेपल 60 सेंटिमीटरचा असेल आणि कुंपणापासून 1 मीटर आत उभा असेल तर तुमच्या प्लॉटमधली 2.6 मीटर पट्टी त्याने घेतली. तुमची एकूण रुंदी 6.1 मीटर. आता बघा.

तिथे आत्ता गॅरेज आहे ना, मग मुळं तिथे नसतीलच, असा एक युक्तिवाद लोक करतात आणि कधीकधी तो खरा असतो. पण जुन्या गॅरेजला बहुतेक वेळा खोल पाया नसतोच, नुसता काँक्रीटचा थर जमिनीवर ओतलेला, आणि त्याच्याखालून मुळं आरामात गेलेली असतात. नवीन घराचा पाया मात्र इथल्या थंडीत जमीन गोठते त्याच्या खाली न्यावा लागतो, 1.2 मीटर म्हणजे चार फूट. म्हणून आर्बोरिस्टकडून, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञाकडून, आधी हाताने किंवा हवेच्या झोताने माती काढून बघून घ्यायचं की मुळं खरंच कुठपर्यंत आहेत. मुळं कमी निघाली तर स्क्रूसारखे स्टीलचे खांब घालून त्यावर घर उभं करता येतं, सलग खंदक खणायचा नाही, मुळांच्या मधून मधून खांब. असं मी केलंय आणि ती झाडं आज चांगली आहेत.

एक गोष्ट मात्र नीट बघा, खोड बरोबर हद्दीवर आहे का. ऑन्टारियोच्या फॉरेस्ट्री ॲक्टप्रमाणे हद्दीवर वाढलेलं झाड दोन्ही मालकांचं सामाईक असतं आणि दुसऱ्याच्या संमतीशिवाय त्याला इजा करणं गुन्हा आहे. तिथे शहराने परवानगी दिली तरी शेजाऱ्यांचा होकार वेगळा लागतोच. म्हणून माझं नेहमी सांगणं असतं, शेजाऱ्यांकडे चहाला जा, पण ड्रॉइंग घेऊन जाऊ नका, ड्रॉइंग निघायच्या आधी जा. सगळं ठरवून मग सांगायला गेलं की माणसाला वाटतं आपल्याला कुणी विचारलंच नाही, आणि झाडाच्या बाबतीत तो होकार तुम्हाला खरोखरच हवा असू शकतो. शिवाय तुमचं गॅरेज शेजारच्या गॅरेजला चिकटून असेल, जुन्या गल्ल्यांत असतं, तर तुमचं पाडताना त्यांची भिंत उघडी पडणार, तेही त्यांच्याशी बोलावंच लागेल.

बोळ आणि झाड जमलं असं धरू, तर किती मोठं घर बसेल? नियमाने सुइटने जमिनीवर व्यापलेली जागा 8 बाय 10 मीटरपर्यंत, उंची साधारण 6 मीटरच्या थोडी वर म्हणजे दोन मजले, आणि एकूण आतली जागा मुख्य घरापेक्षा कमी हवी. तुमच्याकडे 6.1 मीटर रुंदी असल्यामुळे 8 चा प्रश्नच येत नाही, भिंती सोडून आत साडेपाच मीटर धरा. लांबीत हिशोब असा, घर पुढून 4.5 मीटर सोडून सुरू होत असेल आणि 14 मीटर खोल असेल तर मागे 18 मीटर उरले, त्यातले गल्लीकडचे दीड सोडले आणि 10 मीटरचं सुइट ठेवलं तरी मधे साडेसहा मीटर अंगण राहतं, 4 मीटरच्या अटीपेक्षा बरंच जास्त. पूर्ण 10 घ्यायचं का हे वेगळं, त्या अंगणात बराचसा भाग माती-झाडांचा ठेवावा लागतो, सगळं फरसबंद करता येत नाही, आणि तुमची मुलं तिथेच खेळणार आहेत.

खिडक्यांचं इथे सांगते कारण याने घराचा सगळा नकाशा ठरतो. बिल्डिंग कोडप्रमाणे हद्दीपासून 1.2 मीटरपेक्षा कमी अंतरावरच्या भिंतीत खिडकी ठेवता येत नाही, आग पलीकडे जाऊ नये म्हणून. तुमचा प्लॉट इतका अरुंद आहे की बाजूच्या दोन्ही भिंती हद्दीला टेकतील, म्हणजे दोन्ही आंधळ्या. उजेड फक्त दोन बाजूंनी, अंगणाकडून आणि गल्लीकडून, आणि 10 मीटर लांब घराचा मधला भाग अंधारा पडतो. गल्लीच्या बाजूला एक सोय आहे, तिथे अंतर गल्लीच्या मध्यापर्यंत मोजतात, म्हणजे 1.5 मीटर अधिक अर्धी गल्ली, त्यामुळे तिथे मोठ्या खिडक्या मिळतात. मधल्या भागात मी जिना आणि बाथरूम ठेवते आणि जिन्यावर छतात काच. आणि आईबाबांसाठी बांधताय तर कृपा करून झोपायची खोली आणि बाथरूम खाली घ्या. नेहमीचा नकाशा खाली बसायची खोली आणि वर बेडरूम असा असतो, भाडेकरू तरुण असतात त्यांना चालतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री दोनदा तो अरुंद जिना उतरायला लावायचा का? खाली एक खोली आणि आडवी पकडायची दांडी लावलेलं बाथरूम, वर बसायची जागा आणि स्वयंपाक असा उलटा नकाशा नको, तेही रोजचे जिने झाले. आईबाबांचं सगळं खाली आणि वर एक पाहुण्यांची खोली, थोडं लहान घर झालं तरी चालेल.

गाडीचं लवकर संपवते, सुइटसाठी पार्किंग लागत नाही, दोन सायकलींची जागा लागते. पाणी, ड्रेनेज आणि वीज मुख्य घरातूनच न्यायची असते, गल्लीतून नवीन जोडणी मिळेल असं धरू नका. ड्रेनेज उताराने जायला हवं, त्यामुळे तुमच्या बेसमेंटमधला पाइप किती खोल आहे हे प्लंबरकडून बघून घ्या, नाहीतर पंप लावावा लागतो. त्याचा चर अंगणातून जाणार, आणि तो चर परत त्या मेपलच्या गोलातून जात नाही ना ते बघा, हे विसरलेलं मी अनुभवी लोकांच्या ड्रॉइंगमधेही पाहिलंय. गल्लीत तुमच्या बाजूने विजेच्या तारा असतील तर वरच्या मजल्यापासून त्यांचं अंतर वीज कंपनीकडून लेखी घ्या.

थोडं काहीतरी बसत नसेल, समजा दाराची जागा नाहीतर उंची अर्धा फूट, तर शहराच्या कमिटी ऑफ ॲडजस्टमेंटकडे मायनर व्हेरियन्स, म्हणजे नियमातून किरकोळ सूट, मागता येते. तिथे चार गोष्टी बघतात, शहराच्या आराखड्याचा हेतू, झोनिंगचा हेतू, त्या जागेला ते योग्य आहे का, आणि बदल खरंच किरकोळ आहे का. 60 मीटरच्या आतल्या मालकांना नोटीस जाते, ते येऊन बोलू शकतात. 2022 च्या कायद्यानंतर शेजाऱ्यांना वरच्या ट्रिब्युनलकडे अपील करता येत नाही, त्यामुळे पूर्वीसारखी वर्षभर टांगती तलवार राहिली नाही. पण लक्षात ठेवा, कमिटी झोनिंगमधून सूट देते, बिल्डिंग कोडमधून नाही. बोळ 81 सेंटिमीटरचा असेल तर कमिटी काही करू शकत नाही. लोक तिथे जाऊन फी भरतात आणि मग कळतं.

पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण भाड्याचं मनात आहे म्हणून. एअरबीएनबीचा विचार असेल तर सोडा, टोरोंटोत अल्पकालीन भाडं फक्त स्वतःच्या राहत्या घरात चालतं, तुम्ही पुढच्या घरात राहता म्हणजे मागचं तुम्ही तसं देऊ शकत नाही. नेहमीचा भाडेकरू ठेवला तर 15 नोव्हेंबर 2018 नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या घरांना प्रांताची वार्षिक भाडेवाढीची मर्यादा लागू नाही, बाकी भाडेकरूचे सगळे हक्क लागू आहेत, त्याला मनात आलं म्हणून काढता येत नाही. म्हणजे आईबाबा येणार असतील त्याच्या आदल्या वर्षी भाडेकरू ठेवताना नीट विचार करा. सुइट वेगळा करून विकायच्या भरवशावर कर्ज काढू नका. करात 2023 पासून एक सवलत आहे, 65 किंवा वरच्या वयाच्या जवळच्या नातेवाईकासाठी स्वतंत्र घर तयार केलं तर 50,000 डॉलरपर्यंतच्या खर्चावर मिळते, 2023 मधे ती 15 टक्के, म्हणजे जास्तीत जास्त 7,500 डॉलर होती. आईबाबा कायमचे राहायला येणार की सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर, येऊन जाऊन, यावर ती मिळते का ते ठरेल. आणि भाड्याने दिलं तर एचएसटी, म्हणजे विक्रीकर, तुम्हाला स्वतःच भरावा लागतो आणि काही भाग परत मागता येतो, पुढे विकताना प्रिन्सिपल रेसिडेन्सच्या, म्हणजे स्वतःच्या राहत्या घरावर मिळणाऱ्या करसवलतीवरही परिणाम होऊ शकतो. हे सगळं अकाउंटंटला बांधकाम सुरू व्हायच्या आधी विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो.

तर ड्रॉइंगचे पैसे आत्ता भरू नका. या शनिवारी 1 मीटरची पट्टी घ्या, आडवी धरून बोळातून चाला आणि जिथे अडकेल तिथला फोटो काढा, वर बघायला विसरू नका. मेपलचा घेर मोजा, शेजाऱ्यांना विचारून, आणि खोड कुंपणापासून किती लांब आहे ते. गल्लीचं तोंड किती घरांवर आहे ते मोजा. खरेदीखत आणि असेल तो सर्व्हे शोधून ठेवा, आणि प्लॉटची मागची बाजू गल्लीला निदान 3.5 मीटर तरी लागून आहे आणि गल्ली सार्वजनिकच आहे ना ते त्यात बघा. तुमच्या बाबतीत ते असणारच, पण मधे दुसऱ्याच्या मालकीची एक फुटाची पट्टी निघालेली मी एकदा पाहिलीय.

हे चार आकडे जमले तर आधी सर्व्हेअर आणि आर्बोरिस्ट, मग शहराकडून झोनिंगचं सर्टिफिकेट, आणि त्यानंतर पूर्ण ड्रॉइंग, या क्रमाने खर्च करा. आकडे इथेच खाली लिहा, फोटोत घराचा नंबर दिसू देऊ नका. बोळ 90 सेंटिमीटरच्या वर आणि 1 मीटरच्या खाली निघाला तर नक्की कशामुळे अरुंद झालाय तेही लिहा, मीटर आहे, पायऱ्या आहेत की भिंतच आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरणार आहे.